तट्टाची पारख

मार्गशीर्ष लागला की बागलाणात दोन यात्रांचे वेध लागतात. वद्य एकादशीस सटाण्यात आरम नदीच्या काठी देवमामलेदार यशवंतराव महाराजांचा रथ निघतो, आणि १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी तिजोरी रयतेसाठी उघडणाऱ्या त्या मामलेदाराच्या मूर्तीपुढे कचेरीच्या कारभाराला शिव्या देणारा शेतकरीही निमूटपणे हात जोडतो. परंतु घोड्यांचा षौक ज्यांच्या रक्तात आहे अशा मंडळींचे प्रस्थान त्याआधीच, पौर्णिमेच्या सुमारास, ताहाराबाद-पिंपळनेर-साक्रीच्या वाटेने खानदेशात झालेले असते. कारण दत्तजयंतीला तापीच्या तीरावर सारंगखेडे येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत महाराष्ट्रातील सर्वांत नामांकित घोडेबाजार. आमच्या जिल्ह्यात येवल्याचा दसऱ्याचा बाजार आहे, जिल्ह्याबाहेर अकलूजचा आहे, आणि मार्गशीर्ष वद्यातच खंडोबाच्या यात्रेत भरणारा माळेगावचाही आहे (सटाण्याच्या शेजारचे मालेगाव नव्हे, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातले माळेगाव). तरी मारवाड, काठेवाड, पंजाब व सिंध या चारही वळणांची जनावरे एका मैदानात उभी पाहावयाची तर सारंगखेड्यावाचून गत्यंतर नाही.

या बाजारात जनावराची पारख कशी होते हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याच्या ध्यानात येईल की तेथे न्यायाधीश नाही, गुणपत्रक नाही, पहिला-दुसरा क्रमांक लावणारी रंगीत फीत क्वचितच आहे. आणि तरीही परीक्षा मात्र अत्यंत कडक आहे. गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते: कुमैत, मुश्की, अबलख, सब्जा, नुकरा, त्यांतही चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी दिसला की दलालाचा आवाज आपोआप चढतो, आणि अंगावर पांढऱ्याचा ठिपकाही नसलेला निखळ काळा घोडा दिसला की जुन्या वळणाचा माणूस काही न बोलता पुढे सरकतो. मग कान. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून परस्परांस टेकली पाहिजेत. मग दात, खूर, गुडघे. आणि शेवटी, किंवा खरे तर सर्वांत आधी, भोवरे. शालिहोत्राच्या परंपरेतील अश्वशास्त्रांनी आवर्तांची जी शुभाशुभ लक्षणे लिहून ठेवली, त्यांतील बहुतेक पोथ्यांतच राहिली असली तरी कंठावरचा देवमण आणि डोळ्याखालचा आसूढाळ ही दोन मात्र अक्षरशत्रू मोतद्दारालाही तोंडपाठ असतात. देवमण असला की इतर खोडी माफ. आसूढाळ निघाला की पाच पिढ्यांची वंशावळ सांगूनही भाव पडतो. सौदा झालाच तर तो रुमालाखाली बोटे दाबून, म्हणजे ज्याची चारचौघांत वाच्यता होऊ नये अशा रीतीने होतो.

उरली चाल. पूर्वी घोड्याची चाल म्हणजे लांबच्या मजलीत स्वाराच्या पाठीचे काय होते याचा हिशेब असे. पोटातले पाणी हलू न देणारी रेवाल चाल म्हणूनच मोलाची. तिच्या स्पर्धा अद्याप होतात, आणि त्या पाहण्यासारख्या असतात. परंतु गर्दी जमते ती ढोलावर नाचणाऱ्या घोडीभोवती. कारण उघड आहे. आज घोड्याचा खरा आश्रयदाता संस्थानिक नाही आणि लष्करही नाही. तो आहे लग्नाची वरात. जनावर बँडच्या आवाजाला बुजू नये, मागच्या पायांवर उभे राहावे, नवरदेवाला पाठीवर घेऊन फटाक्यांतून चालावे, ही आजची मागणी, आणि पैदासकार त्या मागणीबरहुकूम उंच, नाजूक, नखरेल अशी अवलाद तयार करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यावयाचाच तर काटेरी लगामाला द्यावा. ओझ्याच्या व जुंपणीच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी तो निषिद्ध ठरवूनही जो घोडा 'आपखुशीने' नाचतो त्याच्या तोंडात काय आहे हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

आता या चित्राशेजारी इंग्लंडातील पोनीचे प्रदर्शन ठेवून पाहावे. तेथे पोनी म्हणजे सामान्यतः १४८ सेंटिमीटरपर्यंत उंचीचे तट्टू; आणि गंमत अशी की तेथल्या प्रदर्शनी पोनीच्या कुळकथेचा आरंभ आपल्याच मुलखात होतो. मणिपूरच्या चार फुटांच्या आसपास उंचीच्या तट्टांवर बसून खेळला जाणारा चेंडूफळीचा खेळ काचारमधील मळेवाल्या साहेबांनी उचलला, १८५९ साली सिल्चरला त्याचा क्लब काढला, आणि दहा वर्षांत तो पोलो या नावाने विलायतेस पोहोचला. खेळासाठी चपळ तट्टे हवीत म्हणून १८९३ साली तेथे 'पोलो पोनी सोसायटी' निघाली. हीच संस्था १९१३ पासून 'नॅशनल पोनी सोसायटी' म्हणून ओळखली जाते. पुढे पोलोतील उंचीची मर्यादा उठली, खेळाडू मोठ्या घोड्यांवर गेले, आणि खेळासाठी जपलेले ते देखणे, शर्यतीच्या रक्ताचे लहान जनावर अक्षरशः मुलांच्या हाती आले. त्याला वेल्सच्या डोंगरी तट्टाच्या काटकपणाची व अरबी घोड्याच्या मुखसौंदर्याची जोड देण्यात आली. आयर्लंडातील नसील या सब्जा अरबी घोड्याची मुलगी प्रिटी पॉली हिने १९५० च्या सुमारास रिंगणे गाजविली, तेव्हापासून लहान मस्तक, लांब मान आणि जमिनीलगत तरंगत जाणारे पाऊल हा त्या जातीचा आदर्श ठरून गेला.

या प्रदर्शनांचा शिष्टाचार आपल्याकडील एखाद्या मठाच्या पंगतीइतका काटेकोर आहे. पोनीच्या तीन उंच्या, आणि प्रत्येक उंचीगणिक स्वार मुलाच्या वयाची मर्यादा. अगदी चिमुरड्यांसाठी दोरी धरून चालविण्याचा वर्ग निराळा. प्रदर्शनी पोनीची आयाळ बारीक वेण्यांत गुंफलेली, कपाळपट्टा रंगीत फितीचा, स्वाराचा कोट गडद निळा. परंतु त्याच मैदानातील डोंगरी व माळरानी जातींच्या वर्गात आयाळीला कात्री लावलेली दिसली तर नाके मुरडली जातात, कारण तेथे जनावर डोंगरावर होते तसेच दिसले पाहिजे. मोठ्या घोड्यांच्या अनेक वर्गांत न्यायाधीश स्वतः पाठीवर बसून चाल पारखतो. पोनीच्या वर्गात तो बसत नाही, लहान मुलाच्या हाती जनावर किती सालस राहते एवढेच पाहतो. १९४९ हे वर्ष या दृष्टीने मोठे लक्षणीय आहे: त्याच साली 'ब्रिटिश शो पोनी सोसायटी' स्थापन झाली, त्याच साली 'हॉर्स ऑफ द इयर शो' लंडनच्या हॅरिंगे येथे प्रथम भरला, आणि त्याच साली शोभेसाठी घोड्याचे शेपूट तोडण्यास पार्लमेंटने कायद्याने बंदी केली. हौसेला संस्था, रंगमंच आणि लगाम ही तिन्ही एकाच वर्षी मिळावीत हा योग हेवा वाटण्याजोगा खराच.

जात एक असली तरी देश बदलला की तिचे मापही बदलते. वेल्सच्या डोंगरी पोनीची कमाल उंची तिच्या मायदेशी बारा हँड, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. अमेरिकेत त्याच वर्गाला दोन इंचांची सवलत. शेटलंड तट्टू ब्रिटनमध्ये बेचाळीस इंचांपलीकडे जाता कामा नये. अमेरिकेत ते सेहेचाळीसपर्यंत चालते, आणि तेथल्या हौशी लोकांनी त्याला हॅकनी घोड्याचे रक्त देऊन ताठ मानेचे, गुडघे उंच फेकणारे असे काही निराळेच जनावर घडविले आहे, ज्याला इंग्लंडातील कोळशाच्या खाणीत राबलेल्या पूर्वजाने ओळखले असते की नाही याची मला शंका आहे. विशेष म्हणजे अमेरिकेतील शेटलंड पोनी क्लब १८८८ चा, आणि ब्रिटनमधील त्या जातीची वंशनोंदणी संस्था १८९० ची. लेक सासरी नांदू लागल्यावर माहेरच्यांनी पत्रिका लिहिली, असा हा प्रकार. अमेरिकन मुलांचा खरा जीव मात्र अडथळ्यांवरून उडी घेण्यात. केंटकीतील लेक्सिंग्टनला भरणाऱ्या पोनींच्या अंतिम स्पर्धेत देहयष्टीचे गुण असतात, परंतु उडीची कमान आणि पावलांची एकसारखी लय यांनाच अधिक महत्त्व दिले जाते.

जर्मनीची रीत याहून वेगळी, आणि मला विचाराल तर सर्वांत रुक्ष व सर्वांत परिणामकारक. तेथील 'राइटपोनी' ही जात १९६५ च्या सुमारासची, म्हणजे इतर जातींच्या मानाने कालपरवाची, आणि तिचा पाया बराचसा वेल्श व अरबी. पैदाशीसाठी ठेवावयाच्या नराला पंचांपुढे उभे राहून सनद मिळवावी लागते. चालीला, बांध्याला, मोकळ्या उडीला गुण मिळतात, पुढे स्वाराखाली कसोटी होते, आणि जो उतरत नाही त्याची अवलाद वंशावळीच्या दफ्तरात चढत नाही. वारेनडोर्फ येथे तरुण पोनींची राष्ट्रीय स्पर्धा होते. तेथे रिंगण हे परीक्षेचे शेवटचे पान, पहिले नव्हे. पन्नास-साठ वर्षांत या लोकांनी असे तट्टू उभे केले, की युरोपातील मुलांच्या स्पर्धांतून आज त्यालाच मोठी मागणी आहे.

या सर्वांतून एक गोष्ट निर्विवाद ठरते. रिंगणात तुम्ही जे विचाराल, तेच काही पिढ्यांनी तबेल्यात जन्मास येईल. इंग्रजांनी मुलाला शोभणारे सौजन्य विचारले, अमेरिकनांनी उडी, जर्मनांनी कसोटीला उतरणारे रक्त. आम्ही भोवरा आणि नाच विचारला.

आणि ज्याविषयी आम्ही काहीच विचारले नाही, असे एक तट्टू आपल्या दारात आहे. सटाण्याच्या वायव्येस साल्हेरचा डोंगर उभा आहे. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मोकळ्या मैदानात पराभव केला; सूर्याजी काकडे तेथे पडले, आणि पाडाव आलेल्या घोड्यांची संख्या सभासदाने बखरीत सहा हजार दिली आहे. मोगलांच्या पागेत उंच तुर्की व इराकी जनावरे असतील. परंतु बारगीर-शिलेदारांच्या सैन्याने घाटवाटा ओलांडल्या त्या मुख्यतः दख्खनी तट्टांच्या जिवावर. कमी दाण्यावर जगणारे, खडकावर न लंगडणारे, उन्हातान्हात दमाने चालणारे हे भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू स्थानिक डोंगरी घोड्यांत अरबी व तुर्की रक्त मिसळून तयार झाले असे मानतात. पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि एके काळी अटकेपर्यंत गेलेले हे जनावर धनगराच्या बिऱ्हाडाखाली आले. पुण्याच्या आजच्या नागरिकाला 'भीमथडी' म्हटले की हुरडा आणि पिठल्याचे गाळे असलेली जत्रा आठवते, यात त्याचाही फारसा अपराध नाही.

आमच्याकडे साक्री-पिंपळनेरच्या बाजूचे ठेलारी पावसाळा सरला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या तट्टाच्या पाठीवर काय नसते? बाज, भांडीकुंडी, कोंबड्यांची डालगी, नुकती जन्मलेली कोकरे आणि त्यांवर बांधलेले मूल. ते तट्टू काटेरी लगामावाचून चालते, खरारा त्याला क्वचितच मिळतो, तोबऱ्यातला हरभरा त्याहूनही क्वचित. आणि एवढे असूनही मेंढपाळाचे मूल ज्या निर्धास्तपणे त्याच्या पोटाखालून जाते, तो निर्धास्तपणा इंग्लंडातील गुणपत्रकाला मोठ्या मुश्किलीने पैदा करावा लागतो. सारंगखेड्याच्या मैदानात मात्र ते कडेला, बैलगाड्यांच्या आडोशाला उभे असते, आणि त्याची किंमत शेजारच्या नाचऱ्या घोडीच्या साजाइतकीही येत नाही.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन केंद्राने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि देशातील नोंदणीकृत अश्वजातींची संख्या आठ झाली. बारामतीकडील पैदासकारांची त्यामागील खटपट मोठी. परंतु दफ्तरात नाव चढले म्हणजे जनावर वाचले असे नव्हे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. त्यातच उंचीला भाव आहे म्हणून तट्टाच्या घोडीवर मारवाडी घोडा सोडण्याचा मोह वाढला आहे. त्यातून निघणारे शिंगरू चार बोटे उंच असते, परंतु मेंढरांमागे सबंध हंगाम चालण्याचा दम त्याच्यात टिकेल असा भरवसा कोणी द्यावा?

यावर उपाय शोधावयाचा तर इंग्लंडच्या वेणीफणीकडे न पाहता आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे पाहावे. कॉनेमारा हा खडकाळ, गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. तेथील तट्टू दगड, समुद्रातले शेवाळ आणि बाजाराचा माल वाहणारे. १९२३ साली तेथे पैदासकारांची संस्था निघाली, तेव्हा तिने बाहेरून घोडे न आणता पारखी माणसे गावोगाव पाठविली, राबत्या जनावरांतून निवड केली, आणि वंशावळीच्या वहीत पहिला नर म्हणून कॅननबॉल नावाचे असे तट्टू नोंदले, जे एरवी मालकाची गाडी ओढी आणि वर्षातून एकदा ऊटेरार्डची शेतकऱ्यांची शर्यत जिंकी. आज क्लिफडेनला ऑगस्टात त्या जातीचे प्रदर्शन भरते आणि देशोदेशींचे खरेदीदार तेथे येतात. प्रदर्शनाने तेथे तट्टाचा धंदा हिरावला नाही. त्या धंद्यालाच प्रतिष्ठा दिली.

म्हणून सारंगखेडे, येवले, अकलूज आणि माळेगाव येथील यात्रा-समित्यांना व बाजार समित्यांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या हंगामापासून तट्टांसाठी एक वेगळे रिंगण राखावे. त्यात उंचीची वरची मर्यादा असावी, खालची नसावी; भोवऱ्याला गुण नसावेत; ठरावीक ओझे घेऊन ठरावीक मजल चालण्याची कसोटी असावी, आणि तिच्यानंतर सरकारी सालोतऱ्याने खूर, पाठ व तोंड तपासावे. परीक्षकांत एक पशुवैद्य असावा आणि एक मेंढपाळ. बक्षिसाची रक्कम नाचाच्या बक्षिसाहून कमी नसावी, आणि ती घोडीच्या मालकास मिळावी, दलालास नव्हे.

वाचकांपैकी कोणी या समित्यांवर असतील, तर त्यांनी हा ठराव मार्गशीर्षापूर्वीच्या बैठकीत मांडावा. दिवाळीपासून दत्तजयंतीपर्यंत दीड महिन्याच्या आसपास अवधी हाती असतो आणि एका रिंगणाच्या तयारीला तो पुरेसा आहे.