मोठी चाके आणि आसाचा गिअर

सायकलीवरून चढ चढताना ज्याने गिअर बदलून पाहिला आहे, त्याला आजचा विषय निम्मा कळलेलाच आहे.

पिक-अप ट्रक चार-सहा इंचांनी वर उचलून त्याखाली दांडगी चाके बसविण्याची हौस अमेरिकेत फार. खडकाळ वाटेवर गाडीचे पोट घासू नये हा तिचा सबळ हेतू. रुबाब हा दुसरा, आणि कित्येकदा पहिला. (आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम या हौसेच्या आड येते.) गाडी उंच केल्याने इंजिनाच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चाकाने.

३१ इंच व्यासाचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४०४ फेरे घेते, ३५ इंचाचे अवघे ३५८. तेवढ्याच वेगाला इंजिनही कमी फिरते, आणि ही काटकसर आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु चाक मोठे झाले की जमिनीवरील ओढ सुमारे नवव्या हिश्शाने घटते. मग चढावर वरचा गिअर टिकत नाही, आणि स्वयंचलित गिअरपेटी वरखाली करीत तापत राहते.

यावर उपाय आसातच आहे. तेथे पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या चक्राला फिरविते. क्राउनला ४१ दाते व पिनियनला ११ असतील, तर प्रमाण ३.७३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे पावणेचार फेरे. आता त्रैराशिक मांडू: ३.७३ ला ३५ ने गुणून ३१ ने भागले की ४.२१ येतात. पण दाते काही अपूर्णांकात कापता येत नाहीत! बाजारात मिळते ते ४१ ला १०, म्हणजे ४.१०; किंवा ४१ ला ९, म्हणजे ४.५६.

यांतले कोणते घ्यावे? ताशी ६० किलोमीटर वेगाला, थेट गिअरमध्ये, मूळ गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे १५०८ फेरे घेई. नुसती चाके बदलल्यावर ते १३३५ वर उतरले. ४.१० ने ते १४६८ होतात, ४.५६ ने १६३२. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी हाकणाऱ्यास पहिले पुरे. मला स्वतःला दुसरे अधिक पसंत आहे, कारण जड चाकांचे वजन आणि उंचावलेल्या गाडीला होणारा वाऱ्याचा अडथळा आपल्या त्रैराशिकात आलेलेच नाहीत. मात्र याहून फार पुढे जाऊ नये. दाते घटतात तसे पिनियन बारीक व नाजूक होते, आणि लांबच्या प्रवासात इंजिन उगाच घोंगावत राहते.

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीत पुढच्या व मागच्या आसांचे प्रमाण एकच हवे. एकच आस बदलून पैसे वाचविणाऱ्याच्या गाडीत, कोरड्या सडकेवर, दोन्ही आस एकमेकांशी भांडू लागतात आणि काहीतरी मोडते. दाते एकमेकांवर नेमके कोठे टेकतात हे रंग लावून तपासावे लागते. ते जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. वेगदर्शकालाही नवे माप शिकवावे लागते, कारण नुसती चाके बदललेल्या गाडीत काटा ६० दाखवीत असता गाडी ६८ ने धावत असते.

एक गोष्ट मात्र गिअर बदलून परत येत नाही. मोठ्या चाकाने ब्रेकांचे बळही त्याच नवव्या हिश्शाने उणे केलेले असते, आणि चढ संपल्यावर उतार येतो.