गच्चीचा पाइप जातो कुठे?

पुण्यात इमारतीची मैलावाहिनी महापालिकेच्या वाहिनीला जोडायला परवानगी लागते. पावसाळी पाण्याची वाहिनी मात्र वेगळी हवी. गच्चीचे पाणी मैलावाहिनीत सोडले, तर मुसळधार पावसात ती तुंबते आणि चेंबरमधून मैला रस्त्यावर येतो. उलट, मैला पावसाळी गटारात सोडला, तर तो प्रक्रियेविना मुळा-मुठेत जातो. पुरवठा बंद असताना असे सांडपाणी गळक्या जलवाहिनीत शिरले, की जंतू थेट नळाला येतात. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात मज्जातंतूंच्या ‘जीबीएस’ आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू आढळला. दूषित अन्न-पाण्यातून तो पसरतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी सोसायटीने दोन्ही वाहिन्या प्लंबरकडून तपासून घ्याव्यात.