रेल्वे थांबते, तिची वाट उरते

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाकडे अंजनगावला जात असू, ते शकुंतलेने. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्गावरची मोठी गाडी सोडायची आणि पलीकडच्या छोट्या रुळांवर उभ्या असलेल्या डब्यात जागा धरायची. ताशी वीसेक किलोमीटर हा तिचा वेग. सायकलवाला पुढे निघून जातो, अशी तिची थट्टा होत असे. त्या थट्टेत एक शहाणपणाची गोष्ट दडलेली आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले. शकुंतलेची वाट मुळातच सायकलच्या चालीची होती.

मूर्तिजापूर हे या मार्गाचे नाक. तिथून उत्तरेला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर आणि आग्नेयेला यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, असे दोन फाटे. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. 'किलिक निक्सन' या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. वऱ्हाडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत आणि तिथून मुंबईच्या बंदरात पोचवायचा, हा तिचा हेतू. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते. मग डिझेल आले आणि गेल्या काही वर्षांत गाडीच थांबली.

मागच्या हिवाळ्यात दर्यापूरच्या पुढे या मार्गाच्या कडेने थोडे चाललो. बाभळींनी रूळ झाकले होते. बकऱ्या चारणारे एक आजोबा म्हणाले, "गाडी गेली बाप्पा, आता बाभयीच रायल्या." मला मात्र बाभळींखालचा भराव दिसत होता. शेते खाली, भराव वर आणि तो नजर पोचेल तिथवर सलग.

हा भराव काय चीज आहे, ते आधी समजून घेतले पाहिजे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घरंगळते, पण त्याची पकड कमी असते. त्यामुळे रेल्वेला उभा चढ सोसत नाही. बैलगाडीची वाट टेकडी आली की सरळ चढते. रेल्वे मात्र खोलगट जागी भराव घालते, उंचवटा कापते, ओढ्यावर पूल बांधते आणि वळसा घेत जाते. शंभर मीटर चालल्यावर एक-दोन मीटर उंची, इतपतच तिचा चढ असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटरस्त्यावर सायकल रेटणाऱ्याला विचारा, या फरकाची किंमत किती. रेल्वेची वाट म्हणजे चढ आधीच सपाट करून ठेवलेला रस्ता. तो करण्याचा खर्च आणि घाम शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी भरलेला आहे.

फ्रान्समध्ये हे फार पूर्वी ओळखले गेले. त्या देशाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ आर्देश भागात एक मीटर रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे होती. ऱ्होन नदीकाठच्या ला वूल्त गावापासून एरियू नदीच्या खोऱ्यातून ती चढत जाई आणि हजार मीटरहून उंच असलेल्या सँ-अग्रेव्हला, म्हणजे जवळजवळ आपल्या चिखलदऱ्याच्या उंचीला पोचे. हे खोरे पीचच्या बागांसाठी प्रसिद्ध. मोटारी आल्या, उतारू घटले आणि १९६८ साली ही रेल्वे बंद झाली. आज त्याच भरावावरून 'दोल्चे व्हिया' नावाची सुमारे ९० किलोमीटरची वाट जाते. तिच्यावर मोटार नाही, मोटारसायकल नाही. सायकलवाले, पायी चालणारे, लेकुरवाळी कुटुंबे, चाकाच्या खुर्चीतले लोक, एवढेच तिथे असतात.

अशा वाटेला फ्रेंचमध्ये 'हिरवी वाट' म्हणतात. बरगंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी ही या प्रकारची पहिली वाट १९९७ साली खुली झाली, तीही जुन्या रेल्वेमार्गावरच. २००४ मध्ये तिथल्या वाहतूक नियमांत 'हिरवी वाट' हा स्वतंत्र प्रकार नोंदला गेला. करायचे काम तसे साधे असते. रूळ आणि स्लीपर काढायचे, बारीक खडी दाबून बसवायची, मोठा रस्ता आडवा येतो तिथे मोटारी आत शिरू नयेत म्हणून खांब रोवायचे. पूल आणि बोगदे आयते मिळतात.

अवघड असते ते निराळेच. वाट सलग राखणे. रेल्वेच्या जमिनीची किंमत एकरात मोजून चालत नाही. ९० किलोमीटरच्या पट्ट्यातले मधले २०० मीटर कुणी घर बांधून किंवा शेतात मिसळून घेतले, तर उरलेली वाट दोन तुकडे होऊन पडते. पुन्हा तसा पट्टा मिळवायचा, तर शेकडो सातबाऱ्यांवरून भूसंपादन करावे लागेल. एकदा तुटलेली वाट जुळत नाही.

मग वऱ्हाडात काय करता येईल? पर्यटकांसाठी नक्कल करू नये, असे मला वाटते. आपली गरज वेगळी आहे. मूर्तिजापूर-दर्यापूरचा टापू पूर्णेच्या खोऱ्यातला, काळ्या मातीचा. पावसाळ्यात इथल्या पांदणीत बैलगाडीचा आख रुततो आणि सायकल तर खांद्यावर घ्यावी लागते. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या सायकली चालवायच्या मात्र ट्रक-ट्रॅक्टरच्या रस्त्याने. रेल्वेचा भराव चिखलाच्या वर आहे आणि तो लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट अशा गावांना जोडत अचलपूरला जातो. त्याचा पहिला हक्कदार दूरचा प्रवासी नसून आठवीतली मुलगी आहे. प्रवासी आला तर हिवाळ्यात येईल, स्टेशनच्या पडवीत चहा पिईल आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जाईल. उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या मुलखात मात्र फ्रान्समधली उघडी वाट चालणार नाही. दुतर्फा कडुनिंब हवेत आणि ठरावीक अंतरावर पाण्याची सोय हवी.

याच विचारात आणखी एक मार्ग डोळ्यांपुढे येतो आणि मोह पाडतो. अकोला-खंडवा मीटरगेज. अकोट सोडल्यावर ती मेळघाटच्या जंगलात शिरत असे आणि धूळघाटजवळ चढ कमी करण्यासाठी चारच्या आकड्यासारखा वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून पार होत असे. ही गाडी २०१७ च्या सुरुवातीला थांबली. अकोल्यापासून अकोटपर्यंत आता ब्रॉडगेज झाली आहे. पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न नेता बुलडाणा जिल्ह्यातून वळवावा, असा आग्रह वन्यजीव अभ्यासकांनी धरला आणि राज्य सरकारनेही २०२१ मध्ये तीच भूमिका घेतली. मग जंगलातला जुना मार्ग सायकलींना द्यावा का? माझे उत्तर नाही असे आहे. मेळघाट हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. तिथे निघून गेलेल्या गाडीची जागा शांततेनेच घ्यावी. फ्रान्समध्येही क्लूनीच्या दक्षिणेला बोआ-क्लेर नावाचा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा आहे. उन्हाळ्यात त्यातून सायकली जातात. हिवाळ्यात वटवाघळे तिथे निद्रिस्त असतात, म्हणून तो बंद ठेवतात. कोणती वाट कुणाची, हे ठरवण्याचा हा समंजस रिवाज आहे.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. शकुंतला पुन्हा धावावी, ब्रॉडगेज व्हावी, ही इथल्या लोकांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. सायकलच्या वाटेची भाषा काढली की रेल्वे कायमची गेली, अशी भीती त्यांना वाटते. यावर अमेरिकेने १९८३ साली कायद्यानेच तोड काढली. बंद पडलेला मार्ग मोडीत न काढता पायवाट म्हणून वापरायचा आणि रेल्वेची गरज पडली तर तो परत द्यायचा. पट्टा जणू बँकेत ठेव म्हणून ठेवायचा. ही तरतूद आपण नीट पाहिली पाहिजे. कारण रेल्वे मागणारे आणि सायकल मागणारे यांचा खरा वैरी एकच आहे. दरवर्षी वितभर आत सरकणारा नांगर आणि एखाद्या रात्री उभी राहिलेली टपरी.

म्हणून वादाच्या आधी मोजणी व्हावी. मूर्तिजापूर ते अचलपूर हद्दीचे दगड पुन्हा रोवावेत, पूल-मोऱ्यांची नोंद व्हावी, तुटलेल्या जागा नकाशावर याव्यात. पट्टा शाबूत राहिला, तर त्यावर गाडी धावावी की सायकल, हे आपली नातवंडे ठरवतील. तो तुटला, तर त्यांना ठरवायला काही उरणार नाही.

अंजनगावला मामाचे घर आता नाही. तिथवर जाणारी वाट मात्र अजून आहे.