बोट सोडण्याची वर्षे

प्राथमिक शाळेतील मुलाची प्रगती मोजायची म्हटली की वाचन, लेखन आणि गणित ही तीन मापे चटकन पुढे येतात. परंतु सहाव्या वर्षी आईचा पदर धरून पहिलीच्या वर्गात आलेले मूल अकराव्या वर्षी परगावच्या शाळेला एकटे जाऊ लागते, तेव्हा मधल्या काळात मोठ्यांच्या हातून त्याच्या हाती आलेल्या असंख्य लहान जबाबदाऱ्यांची नोंद प्रगतिपुस्तकात क्वचितच सापडते. धाराशिव जिल्ह्यात या हस्तांतराकडे विशेष बारकाईने पाहावे लागते. टप्प्याटप्प्याने स्वावलंबी होणारी मुले आणि दिवाळीच्या आगेमागे आईवडील ऊसतोडीला निघाले की अचानक मोठी व्हावी लागणारी मुले येथे एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसलेली असतात.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण सहा ते बारा या वयाचे वर्णन उद्यमशीलता आणि न्यूनभाव यांच्यातील ओढाताण असे केले आहे. म्हणजे या वयात ‘हे मला जमते’ हा अनुभव पुरेसा मिळाला तर मूल नव्या कामाला आपणहून हात घालते, आणि तो वारंवार नाकारला गेला तर आपण इतरांपेक्षा कमी आहोत अशी त्याची समजूत होत जाते. जाँ पियाजे यांनी याच काळातील, साधारणतः सात ते अकरा वर्षांच्या मुलाच्या विचाराला मूर्त क्रियांची अवस्था म्हटले: वस्तू समोर असेल, हाताळता येत असेल, तर मूल तर्क करू शकते, मात्र निव्वळ शब्दांतून मांडलेली कल्पना त्याला अवघड जाते. या वयोमर्यादा ढोबळ आहेत, आणि शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलाला मागास ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग करणारे पालक त्यांचा अर्थच उलटा लावतात.

शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची सिद्धता पाहण्यासाठी महाराष्ट्रात 2022 पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवले जात आहे. त्यातील मेळाव्यात शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक व भावनिक विकास आणि गणनपूर्व तयारी यांची पाहणी वेगवेगळ्या टेबलांवर खेळांच्या रूपाने होते आणि पुढील काही आठवड्यांचे काम माता-पालक गटांकडे सोपवले जाते. त्यामागील कल्पना चांगली आहे. परंतु मेळाव्यातील टेबलांवर न दिसणाऱ्या काही पायऱ्या पहिलीच्या जून-जुलैमध्ये ओलांडल्या जातात. आपले नाव पुकारल्यावर हजेरी देणे, चड्डीची गुंडी स्वतः लावणे, ताट धुऊन जागेवर ठेवणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे गुरुजींकडे किंवा बाईंकडे जाऊन लघवीला जाण्याची परवानगी मागणे, या गोष्टी मोठ्यांना क्षुल्लक वाटतात. ज्या बंजारा तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरमाटी बोलली जाते किंवा कर्नाटकाच्या सीमेलगत उमरगा तालुक्यात ज्याच्या घरी कन्नड कानावर पडते, त्याला मात्र ही परवानगी परक्या भाषेत मागावी लागते. अशा मुलाचे पहिले धीट वाक्य हा त्याच्या पहिल्या वाचलेल्या धड्याइतकाच मोलाचा टप्पा मानायला हवा. ज्या शाळेत शिक्षक मुलांच्या घरचे चार शब्द शिकून घेतात, तेथे हे वाक्य लवकर येते.

खेड्यातील स्वावलंबनाला शाळेची रचनाही हातभार लावते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे वस्त्यांवरच्या अनेक शाळा द्विशिक्षकी असून एकेका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असतात. एका इयत्तेला शिकवले जात असताना दुसऱ्या इयत्तेने काय करायचे, हा अशा बहुवर्ग शाळेचा रोजचा प्रश्न आहे. त्याचे वाईट उत्तर म्हणजे फळ्यावरचे उतरवून काढणे. चांगल्या उत्तरात मुले गटात बसतात, जमलेले मूल न जमलेल्याला सांगते, मण्यांच्या माळेवर किंवा काड्यांच्या जुडग्यांवर बेरीज पडताळून पाहते आणि अडले तरच शिक्षकाकडे येते. लेव व्हिगॉट्स्की यांनी ज्याला निकट विकासाचे क्षेत्र म्हटले, म्हणजे एकट्याने न जमणारे पण थोड्या मदतीने जमणारे काम, ते येथे शेजारी बसलेल्या तिसरीतल्या मुलीच्या मदतीने पार पडते. शिक्षकांच्या कमतरतेचे समर्थन यातून करता येणार नाही, हे बजावून सांगणे भाग आहे. तरीही स्वतःहून काम हाती घेण्याची सवय शहरातील भरगच्च, एका सुरात चालणाऱ्या वर्गापेक्षा अशा शाळेत अनेकदा लवकर लागते.

परिपाठात समोर उभे राहून सुविचार किंवा बातम्या वाचणे, पोषण आहाराच्या वेळी धाकट्यांना रांगेत बसवणे, ही कामे साधारणपणे तिसरी-चौथीत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पुढे आलेल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाचे स्वतःविषयीचे आणि सवंगड्यांचे मत नोंदवण्यास जागा आहे. ती शिक्षकानेच भरून टाकली नाही, तर तिचा उपयोग आहे.

धाराशिवमधील खरी कसोटी मात्र चौथीनंतर येते. कायद्याने प्राथमिक स्तर पाचवीपर्यंत असला, तरी महाराष्ट्रातील बहुसंख्य गावशाळांची जुनी बांधणी चौथीपर्यंतचीच आहे, आणि त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दाखला काढून मोठ्या गावच्या शाळेत जावे लागते. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांना प्रशाला म्हणतात. त्या चालवण्याची परंपरा हैदराबाद संस्थानातील सरकारी शाळांपर्यंत मागे जाते. प्रशालेत विषयागणिक शिक्षक बदलतात, वेळापत्रक पाहून दप्तर भरावे लागते आणि कोणत्या सरांनी कोणता अभ्यास दिला हे मुलाने स्वतः लक्षात ठेवायचे असते. पाचवीपासून ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, आणि अनेकींसाठी स्वतःचे छायाचित्र लावलेला तो पहिलाच कागद असतो. तो जपून ठेवणे, सुटलेल्या गाडीनंतर कोणाला विचारायचे हे ठरवणे, परक्या थांब्यावर मैत्रिणींचा घोळका न सोडणे, हे शिक्षण पाठ्यक्रमाबाहेरचे आहे. लहान मुलाला येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा आणि अंतराचा अंदाज मोठ्यांइतका अचूक येत नाही. म्हणून महामार्ग ओलांडण्याच्या बाबतीत तरी पालकांनी बोट लवकर सोडू नये.

कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो, आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कुटुंब फडाजवळच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहते. सोबत गेलेले नऊ वर्षांचे मूल चूल पेटवते, पाणी भरते, धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करते. बाहेरून पाहणाऱ्याला ते स्वावलंबी वाटेल. परंतु स्वावलंबनात मागे वळून आधार मागण्याची सोय शिल्लक असते, काम बिघडले तर ते मोठ्यांकडे परत देता येते. कोपीतल्या मुलाला ही सोय नसते. त्याच्या कष्टाची कोणी गणती करत नाही, आणि वर्गात परतल्यावर भागाकार येत नाही एवढेच सर्वांना दिसते, म्हणजे एरिक्सन यांनी सांगितलेला न्यूनभाव नेमका तेथेच रुजतो.

या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जेवणाची सोय होते आणि मूल पुष्कळदा आजी-आजोबांच्या घरी झोपायला जाते. शाळा सुटत नाही, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू. पण संध्याकाळचा अभ्यास, ताप आल्यावर जवळ बसणे आणि आईची आठवण, यांचा भार थकलेल्या आजीवर आणि मुलाच्या स्वतःवर पडतो. स्थलांतर अटळ असेल तर शिक्षण हमी पत्रक दिले जाते, ज्याच्या आधारे मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. हे पत्रक तेथील शाळेपर्यंत पोहोचवण्याचे काम दिवसभर फडात असलेल्या आईवडिलांकडून होत नाही, तेव्हा तेही मुलाच्याच खिशात राहते. 2023-24 पासून राज्यात पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली असून तीत आणि फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवता येते. वार्षिक परीक्षेची वेळ आणि टोळ्या गावी परतण्याची वेळ या जिल्ह्यात जवळजवळ एकच येते.