हाडाची सेंटरिंग

'मणक्यात गॅप पडलाय' हे वाक्य सोलापुरात एमआरआयच्या मोठ्या पाकिटाबरोबरच घरी येतं. अक्कलकोट, तुळजापूर, पार कलबुर्गीकडूनही माणसं इथे दाखवायला येतात. ऑपरेशनचं नाव निघालं की घरात पहिली चौकशी रॉडची: कुठल्या कंपनीची, कितीला, किती वर्षं टिकेल? खरं तर रॉड आणि स्क्रू मणके फक्त काही महिने धरून ठेवतात. तेवढ्यात दोन मणक्यांमध्ये हाड भरून आलं, तर मणका जुळला. नाही आलं, तर रोजच्या उठण्या-वाकण्यात स्क्रू ढिले पडतात, कधी रॉडच मोडते.

मग हाड आणायचं कुठून? 1911 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड अल्बी आणि रसेल हिब्ज यांनी स्वतंत्रपणे, मुख्यतः मणक्याच्या क्षयासाठी, ही जुळणी सुरू केली. अल्बींनी नडगीच्या हाडाची पट्टी वापरली, हिब्जनी मणक्याचंच हाड. पुढे कंबरेचं हाड रूढ झालं. कंबरेच्या कडेवर वेगळा छेद घ्यायचा, स्नायू बाजूला सारून छिन्नीने हाडाच्या चकत्या काढायच्या, आतला लालसर मऊ भाग खरवडून घ्यायचा. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे संदेश देणारी प्रथिनं असतात आणि सांगाडाही असतो. तिन्ही गोष्टी एका जागी, तेही फुकट. मात्र काही रुग्णांची पाठ बरी होते आणि कंबरच दुखत राहते. शिवाय ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या बाईच्या कंबरेतून काढून काढून काढणार किती?

दात्याचं हाड हा एक मार्ग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतिपेढी आहे; तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड मिळतं. दुसरा मार्ग कारखान्यातला. हायड्रॉक्सीॲपेटाइट हे हाडातल्याच खनिजाच्या जवळचं सिरॅमिक, पण वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्याहून लवकर विरघळतं. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये हाडाला चिकटणारी काचच बनवली. या सगळ्यांचं काम स्लॅबखालच्या सेंटरिंगचं: आधी काढली तर स्लॅब बसतो, काढलीच नाही तर घर वापरता येत नाही. या सामानात भोकंही हवीत, साधारण 100 मायक्रॉनपेक्षा मोठी आणि एकमेकांना जोडलेली, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात. भोकं वाढवली की ताकद घटते. या क्षेत्रातली निम्मी भांडणं इथेच आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी हे कोडं रेशमाकडून सोडवायला घेतलं. कोष उकळून वरचा डिंकासारखा सेरिसिन काढायचा. उरलेलं फायब्रॉइन हे प्रथिन विरघळवून त्याचे सूक्ष्म कण करायचे आणि ते कण एकमेकांना चिकटवून सच्छिद्र सांगाडा घडवायचा. 2018 मध्ये त्यांचा निबंध आला: सांगाडा दाब सोसणारा, सावकाश जिरणारा, आणि सशांवर तपासलेला. सोलापूरकराला यात खास रस असावा. आपल्या जिल्ह्यातही तुती आहे आणि इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जातात. साडीला अखंड धागा लागतो, इथे तर रेशीम विरघळवायचंच आहे. अर्थात शरीरात जाणाऱ्या मालाचे निकष कोषबाजारातल्या प्रतवारीपेक्षा फार कडक, तेव्हा लगेच भावाची स्वप्नं नकोत.

माझी शंका वेगळी आहे. सशाच्या मांडीच्या हाडातली पोकळी भरणं आणि माणसाचे दोन मणके जुळवणं ही एकच परीक्षा नव्हे. पोकळीला चहूबाजूंनी रक्ताळलेलं हाड असतं. पाठीमागून जुळणी करताना मात्र मणक्यांच्या कडेला, स्नायूंच्या खाली, जिथे मुळात हाड नव्हतंच तिथे ते उगवायचं असतं. एका परीक्षेत पास झालेलं सामान दुसरीत चालेलच असं नाही. घाईचं उदाहरणही आहे. हाड उगवायला लावणारं बीएमपी-2 हे प्रथिन अमेरिकेत 2002 मध्ये कंबरेच्या मणक्यांसाठी मंजूर झालं. ते मानेतही वापरलं जाऊ लागलं आणि गळ्याला जीवघेणी सूज येऊ लागली. 2008 मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांना इशारा द्यावा लागला.

प्रत्यक्षात बरेच सर्जन मधला रस्ता धरतात. नस मोकळी करताना मणक्याचं जे हाड काढावंच लागतं, त्याचे बारीक तुकडे करून त्यात सिरॅमिकचे दाणे मिसळतात. पुढे साध्या एक्स-रेत ते दाणेही हाडासारखेच पांढरे दिसतात आणि मणका जुळल्याचा भास होतो, म्हणून शंका असली की सीटी स्कॅन करावा लागतो. निव्वळ रेशीम एक्स-रेत उमटत नाही. नुसता रेशमाचा सांगाडा घातला असेल, तर तिथे दिसलेली पांढरी छटा हाडाचीच.