संगणक सुरू होताना : काय चालू ठेवावे, काय थांबवावे?

शाळेची निकालपत्रके, पंचायतीचे ठराव, मुलांचा अभ्यास अशी अनेक कामे आता घरच्या संगणकावर होऊ लागली आहेत. नवा असताना चटकन सुरू होणारा हा संगणक दोन-तीन वर्षांत मंदावतो. कळ दाबल्यानंतर काम हाती येईपर्यंत बराच वेळ जातो. मग काही जण नव्या यंत्राचा खर्च अंगावर घेतात, तर काही जण कोणाच्या तरी सांगण्यावरून दिसेल ते बंद करतात. हे दोन्ही करण्यापूर्वी संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मंदपणाचे कारण

एखादा प्रोग्राम संगणकात बसविला की पुष्कळदा तो स्वतःचे नाव आरंभीच्या यादीत घालून घेतो. संदेशवहन, दूरस्थ बैठका, संगीत, छपाईयंत्राचे साहाय्यक असे प्रोग्राम या रीतीने साठत जातात. संगणक सुरू होताच ते सर्व एकाच वेळी मेमरी आणि डिस्क यांवर हक्क सांगतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारा भाग प्रत्यक्ष हलत असल्याने तेथे ही गर्दी अधिक जाणवते. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसतो. म्हणून तेथे ती कमी भासते.

यादी काय सांगते?

विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या विभागात प्रोग्रामचे नाव, निर्माता, स्थिती आणि आरंभावर पडणारा भार दिसतो. आरंभी प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेणाऱ्या, किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन करणाऱ्या प्रोग्रामपुढे ‘हाय’ असा शेरा असतो.

या शेऱ्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तो भार सांगतो, उपयोग सांगत नाही. भारी प्रोग्राम आवश्यक असू शकतो आणि हलका निरुपयोगी. म्हणून निर्णय वापरणाऱ्यानेच घ्यावयाचा असतो.

निर्णयाची कसोटी

प्रत्येक नावाबाबत तीन प्रश्न विचारावेत. हा प्रोग्राम कोणाचा व कशासाठी आहे? तो पहिल्या क्षणापासून चालू असणे जरूर आहे, की लागेल तेव्हा उघडला तरी चालेल? आणि तो थांबविल्यास आपल्या नकळत कोणते काम बंद पडेल?

संगीताचा किंवा बैठकीचा प्रोग्राम हवा तेव्हा उघडता येतो. तो थांबविण्यास हरकत नाही. मात्र वनड्राइव्हसारखा प्रोग्राम थांबविल्यास, तो पुन्हा उघडेपर्यंत घरी केलेले बदल दूरच्या साठ्यात पोचत नाहीत. शिक्षकाने रात्री दुरुस्त केलेले निकालपत्रक सकाळी शाळेत उघडावे, तर जुनीच प्रत समोर येईल. दरम्यान डिस्क बिघडल्यास केलेले काम हातचे जाईल. संगणक मात्र झटपट सुरू होत राहील आणि हानीची चाहूलही लागणार नाही.

विषाणुप्रतिबंधक प्रोग्राम वेगासाठी कधीही थांबवू नये. मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरत असल्यास तेही चालू ठेवावे. निर्माता अनोळखी असेल तर केवळ थांबवून स्वस्थ बसू नये. संगणकाची विषाणुतपासणी करावी. कारण थांबविलेला प्रोग्राम संगणकात तसाच राहिलेला असतो.

घाई नको

हीच गोष्ट आपल्या सोयीचीही आहे. नाव निवडून ‘डिसेबल’ केले तरी प्रोग्राम नष्ट होत नाही. ‘एनेबल’ करून तो पूर्ववत करता येतो. तथापि एका वेळी एक-दोनच नावे थांबवावीत, ती वहीत तारखेसह लिहावीत, संगणक पुन्हा सुरू करून दोन-चार दिवस नेहमीची कामे करून पाहावीत. काही अडल्यास नेमके कारण लगेच सापडते. कचेरीच्या किंवा शाळेच्या संगणकावर असा बदल संबंधित जबाबदार व्यक्तीला विचारूनच करावा.

एवढे करूनही मंदपणा राहिला, तर मेमरी वाढविणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा पुढचा विचार होय. मात्र वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असे यंत्र कितीही चपळ झाले, तरी त्याच्या सुरक्षेची तजवीज स्वतंत्रपणे करावीच लागेल. अनावश्यक ते थांबवावे. पण ते अनावश्यक का, हे आधी स्वतःला सांगता आले पाहिजे.