भुंग्याचा शेजार

आपल्या कवितेत भुंगा आला की पाठोपाठ कमळ येतंच. पण ज्ञानदेवांनी या भुंग्याचा दुसरा उद्योगही पाहिला होता. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत, पहिल्याच अध्यायात, कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत कसा अडकतो, असा दृष्टान्त आहे. हाच तो आपल्या अंगणातला काळाभोर, निळसर पंखांचा भुंगा. पुस्तकांत भेटणारी केसाळ 'बंबल बी' वेगळी. ती आपल्या देशात हिमालयाकडच्या थंड मुलखात राहते. आपला भुंगा सुतार आहे.

त्याची बदनामी झाली ती या सुतारकीमुळे. दाराच्या चौकटीला बोट जाईल एवढं गोल छिद्र आणि खाली पिवळसर भुसा दिसला, की घरात आरडाओरडा सुरू! आमच्या गल्लीत तर रॉकेलचा बोळा कोंबून वर सिमेंट लिंपायची पद्धत होती. माझ्या अम्मीला ते सहन होत नसे. "अरे, आत लेकरं असतील," म्हणायची. अम्मी शाळेत गेलेली नव्हती, पण तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. भुंगा लाकूड खात नाही. मादी एकटीच बोगदा कोरते, पराग आणि मधुरस कालवून त्याचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाचा पडदा लावून खोली बंद करते. मग पुढची खोली. ना राणी, ना कामकरी माश्यांची फौज. एका बाईनं उभा केलेला संसार म्हणा ना!

आणि ती भीती? तोंडासमोर येऊन घोंघावणारा, अंगावर येतोय असं वाटायला लावणारा, तो बहुधा नर असतो. त्याला नांगीच नसते. नांगी मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता त्याच्या खऱ्या कामाकडे वळू. वांग्याचं फूल नीट पाहा. त्यातले परागकोश म्हणजे टोकाला बारीक भोक असलेल्या पुंगळ्या. पराग आतच कोंडलेला. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न फडकावता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग खाली झडतो. त्या क्षणी त्याचा सूर एकदम चढतो. कान देऊन ऐका. पोळ्यातल्या सातेरी माशीला ही विद्या येत नाही. वाऱ्यानंही वांगी धरतात, नाही असं नाही; पण भुंगा येऊन गेला की फळधारणा सुधारते. टोमॅटो, बहावा, तरवड यांचीही हीच तऱ्हा. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरितगृहातल्या टोमॅटोसाठी बंबल बीच्या पेट्या विकत आणतात. आपल्याकडे तोच पाहुणा फुकट येतो आणि आपण रॉकेल शोधतो.

त्याच्यासाठी निगुतीची बाग लागत नाही. कुंपणाला गोकर्ण, कोपऱ्यात शेवगा, एखादी कोरांटी, फुलावर आलेली तुळस. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका, काही राहू द्या. फुलोऱ्यात औषध फवारू नका. वाळकी जाड फांदी दिसली की लगेच तोडायची घाई नको.

चौकटीचं मात्र बघायला हवं. त्याच लाकडात वर्षानुवर्षं नव्या पिढ्या राहू लागल्या, तर लाकूड पोकळ होतं. तिथे भुंग्याची भीड धरू नये. त्याला उघडं, उन्हापावसानं जुनं झालेलं लाकूड आवडतं. रंग किंवा वार्निश दिलेलं तो सहसा टाळतो. आत कुणी नाही याची खात्री करून छिद्रात लांबी भरावी, वर रंग द्यावा. आणि वळचणीला जाड, वाळलेल्या बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवावेत; काही जातींना बांबूच जास्त पसंत असतो. आमच्याकडच्या तुकड्याला सध्या दोन छिद्रं आहेत. खालच्या पायरीवरचा भुसा रोज सकाळी झाडावा लागतो, एवढाच काय तो त्रास.